‘वर्क’चा अर्थ, वापर आणि समानार्थी शब्द : मराठीतलं ‘काम’ इंग्रजीत नेताना

बँकेत काम आहे. साहेब कामात आहेत. मुलगा कामाला लागला. तिने त्या नाटकात छान काम केलंय. रस्त्याचं काम रखडलंय. तुझ्याकडे माझं एक काम होतं.

ही सहा वाक्यं आपण दिवसभरात सहज बोलून जातो. ती इंग्रजीत सांगायची वेळ आली की डोक्यात पहिला शब्द येतो ‘वर्क’, कारण शाळेत ‘वर्क म्हणजे काम’ असंच पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात या सहांपैकी एकाच वाक्यात ‘वर्क’ जसाच्या तसा चपखल बसतो, तो म्हणजे रखडलेल्या रस्त्याच्या. बाकी पाच ठिकाणी इंग्रजी बोलणारा माणूस वेगळाच शब्द वापरेल किंवा वाक्याची मांडणीच बदलेल.

आपला ‘काम’ हा शब्द फार ऐसपैस आहे. नोकरी, जबाबदारी, अडचण, अभिनय, उपयोग, मजुरी, बांधकाम, सगळं त्यात मावतं. इंग्रजीने हेच सगळं वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवलंय. म्हणून ‘वर्क’ शिकायचा तर सुरुवात इंग्रजी शब्दापासून न करता आपल्या मराठी वाक्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे. या लेखाचा क्रमही तसाच आहे: आधी मराठी वाक्यातलं काम कोणतं ते ओळखायचं, मग ते मोजता येतं का ते पाहायचं, मग ‘वर्क’च्या मागेपुढे कोणते शब्द येतात ते, आणि शेवटी समानार्थी शब्दांतली निवड.

पहिली पायरी : हे ‘काम’ नेमकं कोणतं?

वाक्य इंग्रजीत करण्याआधी ते मराठीतच दुसऱ्या शब्दांत सांगून पाहा. ‘काम’ हा शब्द न वापरता तेच म्हणायचं. ज्या शब्दांत ते सांगाल, तिथेच इंग्रजी वाक्याची वाट सापडते.

‘तुझ्याकडे माझं एक काम होतं’ म्हणजे काय? मला तुझी मदत हवी आहे, किंवा तुझ्याशी काही बोलायचं आहे. मदत हवी असेल तर ‘कॅन आय आस्क यू फॉर अ फेवर?’ आणि बोलायचं असेल तर ‘आय नीड टू टॉक टू यू अबाउट समथिंग’. ‘आय हॅव अ वर्क विथ यू’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि भारतात ते समजूनही घेतलं जातं. पण लंडनच्या किंवा टोरांटोच्या ऑफिसात समोरचा बुचकळ्यात पडेल.

‘बँकेत काम आहे’ म्हणजे बँकेत जाऊन काहीतरी उरकून यायचं आहे. ‘आय हॅव टू गो टू द बँक’ पुरेसं आहे. ‘आय हॅव वर्क ॲट द बँक’ म्हटलं तर तुम्ही बँकेत नोकरी करता असा समज होऊ शकतो.

‘साहेब कामात आहेत’ आणि ‘साहेब कामावर आहेत’ यांतला फरक मराठीत एका प्रत्ययाचा आहे. इंग्रजीत मात्र दोन वेगळी वाक्यं होतात. कामात आहेत, म्हणजे ‘ही इज बिझी’. कामावर आहेत, म्हणजे ‘ही इज ॲट वर्क’, म्हणजेच ते कामाच्या ठिकाणी आहेत. तिथे ते फाईलमध्ये डोकं घालून बसलेत की चहा पितायत, याच्याशी ‘ॲट वर्क’ला देणंघेणं नाही.

‘मुलगा कामाला लागला’ यात मराठीतच दोन अर्थ आहेत. नोकरी मिळाली असेल तर ‘ही गॉट अ जॉब’ किंवा ‘ही हॅज स्टार्टेड वर्क’. कंबर कसून सुरुवात केली असेल तर ‘ही गॉट टू वर्क’. आणि हेच ‘गेट टू वर्क’ प्रश्नात आलं की तिसराच अर्थ होतो: ‘हाउ डू यू गेट टू वर्क?’ म्हणजे तुम्ही कामावर कसे जाता, लोकलने की बसने? मुलाखतीत हा प्रश्न आला तर मेहनतीवर भाषण देऊ नये, प्रवासाचं सांगावं.

‘नाटकात काम केलं’ हे तर खास आपलं. इंग्रजीत नट ‘ॲक्ट’ करतो. ‘शी ॲक्टेड इन द प्ले’ म्हणावं. ‘शी वर्क्ड ऑन द प्ले’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की तिने नेपथ्य, प्रकाशयोजना किंवा वेशभूषा पाहिली. प्रयोग संपल्यावर आत जाऊन आपण ‘काम छान झालं हं’ म्हणतो, तिथे ‘अ वंडरफुल परफॉर्मन्स’ शोभतो.

फोनवरचं ‘काय काम होतं?’ हे आणखी एक. मराठीत त्यात काही वावगं नाही. त्याचं शब्दशः ‘व्हॉट वर्क डू यू हॅव?’ केलं की ते उद्धट वाटतं आणि चुकीचंही होतं. ‘मे आय नो व्हॉट धिस इज रिगार्डिंग?’ असं विचारावं. ‘ते माझं काम नाही’ याला ‘दॅट्स नॉट माय जॉब’ म्हणतात. ‘त्याचं इथे काय काम?’ असं तावातावाने विचारायचं असेल तर ‘ही हॅज नो बिझनेस बीइंग हिअर’. इथल्या ‘बिझनेस’चा धंद्याशी संबंध नाही. अधिकार किंवा कारण हा त्याचा अर्थ.

दुसरी पायरी : मोजता येतं का?

‘वर्क’चं सगळं व्याकरण एका गोष्टीवर उभं आहे. कष्ट, नोकरी किंवा उरकायचा भार या नेहमीच्या अर्थाने हे नाम मोजता येत नाही. म्हणून ‘अ वर्क’ नाही, ‘टू वर्क्स’ नाही, ‘मेनी वर्क्स’ नाही. ‘मच वर्क’, ‘अ लॉट ऑफ वर्क’, ‘सम वर्क’, ‘लेस वर्क’ चालतं. क्रियापद एकवचनी: ‘द वर्क इज डन’.

आपली पंचाईत होते ती मराठीत ‘कामं’ हे बिनदिक्कत अनेकवचन असल्यामुळे. ‘आज दहा कामं आहेत’ हे ‘आय हॅव टेन वर्क्स टुडे’ होत नाही. मोजायचंच असेल तर मोजता येणारा शब्द घ्या: ‘टेन थिंग्ज टू डू’, ‘थ्री टास्क्स’, ‘टू जॉब्ज’. कार्यालयीन ईमेलमध्ये ‘माय टू वर्क्स आर पेंडिंग’ असं लिहिलेलं दिसलं की ‘वर्क्स’ खोडून ‘टास्क्स’ लिहावं आणि पुढे जावं.

शाबासकी देतानाही हाच नियम कामाला येतो. ‘गुड वर्क!’ आणि ‘गुड जॉब!’ दोन्ही बरोबर. पण पूर्ण वाक्य झालं की ‘यू डिड अ गुड जॉब’ आणि ‘यू डिड गुड वर्क’. पहिल्यात ‘अ’ हवाच, दुसऱ्यात नकोच. कारण ‘जॉब’ मोजता येतो आणि ‘वर्क’ येत नाही.

‘अ पीस ऑफ वर्क’ असं म्हणून ‘वर्क’ मोजता येतो. विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध, कारागिराने घडवलेली वस्तू यांना ‘अ फाइन पीस ऑफ वर्क’ म्हणता येतं. माणसाबद्दल मात्र हे शब्द जपून वापरा. ‘ही इज अ रिअल पीस ऑफ वर्क’ म्हणजे तो माणूस भलताच अवघड किंवा वाईट वागणुकीचा आहे. सहकाऱ्याचं कौतुक करताना हे तोंडून गेलं तर गैरसमज ठरलेला.

मग ‘वर्क्स’ कुठे येतं?

अनेकवचन अजिबात नाही असं मात्र नाही. हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्याला ‘वर्क्स’ रोज भेटतं.

पहिलं म्हणजे कलाकृती आणि साहित्यकृती. राजा रवि वर्मा यांचं एक चित्र हे ‘अ वर्क बाय राजा रवि वर्मा’, अनेक चित्रं म्हणजे ‘वर्क्स’. इथे ‘अ वर्क’ बिनचूक आहे. एखाद्या लेखिकेचं समग्र वाङ्मय म्हणजे ‘कलेक्टेड वर्क्स’. म्हणूनच ‘आय हॅव डन मेनी वर्क्स’ असं एखाद्या लेखनिकाने लिहिलं तर वाचणाऱ्याला त्याने पुस्तकं लिहिली की काय असं वाटू शकतं.

दुसरं म्हणजे बांधकाम. सार्वजनिक बांधकाम विभागाचं इंग्रजी नाव ‘पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट’. पीडब्ल्यूडी म्हणताना मधला डब्ल्यू हाच. रस्त्याच्या कडेला लावलेल्या फलकावर ‘कामाचे नाव’, ‘अंदाजित रक्कम’, ‘ठेकेदाराचे नाव’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘कामाचे नाव’ म्हणजे निविदेतलं ‘नेम ऑफ वर्क’. स्थापत्य आणि निविदांच्या भाषेत एक ‘वर्क’ म्हणजे एक मंजूर बांधकाम, आणि तिथे ते मोजतातही. कार्यादेशाला ‘वर्क ऑर्डर’ म्हणतात. त्या कागदपत्रांत ‘थ्री वर्क्स’ दिसलं तर ती चूक समजू नये. फक्त ती सवय ऑफिसच्या ईमेलमध्ये आणू नये.

याच अर्थाचा एक जुना धागा ग्रामीण महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला, रस्त्यांवर माती टाकायला, पाझर तलावांवर जात. आजही त्या पिढीतली माणसं ‘दुष्काळी कामावर होतो’ असं सांगतात. इंग्रजी कागदपत्रांत ही ‘रिलीफ वर्क्स’ आहेत, अनेकवचनी. लोकांना मजुरी मिळावी म्हणून काढलेली बांधकामं. एकवचनी ‘रिलीफ वर्क’ म्हणजे मदतकार्य: पुरात अन्न वाटणं, माणसांना बाहेर काढणं. एका ‘एस’ने अर्थ पालटतो. त्या अनुभवातून पुढे आलेल्या योजनेला १९७७ साली कायद्याचं रूप मिळालं तेव्हा त्याच्या नावात तिसराच शब्द आला: ‘महाराष्ट्र एम्प्लॉयमेंट गॅरंटी ॲक्ट’. हमी मिळणार होती ती रोजगाराची, म्हणून ‘एम्प्लॉयमेंट’. ज्यावर तो रोजगार मिळायचा ती ‘वर्क्स’.

तिसरं म्हणजे कारखाना. ‘स्टीलवर्क्स’, ‘गॅसवर्क्स’, ‘वॉटरवर्क्स’. इथे शब्द दिसायला अनेकवचनी असला तरी एका कारखान्यालाही ‘अ स्टीलवर्क्स’ म्हणतात. याखेरीज घड्याळाच्या आतल्या यंत्रणेला ‘द वर्क्स’ म्हणतात, आणि बोलीत ‘द वर्क्स’ म्हणजे असेल नसेल ते सगळं. पिझ्झा ‘विथ द वर्क्स’ मागितला तर सगळी टॉपिंग्ज येतात.

तिसरी पायरी : मागेपुढे कोणते शब्द येतात

कामाची जागा या अर्थाने ‘वर्क’ आला की त्याआधी ‘द’ येत नाही. ‘ॲट वर्क’, ‘टू वर्क’, ‘फ्रॉम वर्क’. ‘आय ॲम गोइंग टू द वर्क’ चूक, ‘आय ॲम गोइंग टू वर्क’ बरोबर. पण ‘ऑफिस’ घेतला तर ‘द’ लागतो: ‘ॲट द ऑफिस’.

रजेच्या मेलमध्ये जपायला हवं. ‘आय ॲम ऑफ वर्क टुडे’ म्हणजे आज सुट्टीवर आहे. ‘आय ॲम आउट ऑफ द ऑफिस’ म्हणजे ऑफिसात नाही. ‘आय ॲम आउट ऑफ वर्क’ म्हणजे मी बेकार आहे, नोकरी गेली आहे. तिसरं वाक्य चुकून साहेबांना गेलं तर काळजीने फोन येईल.

क्रियापद लावताना ‘डू वर्क’, ‘मेक वर्क’ नाही. ‘फिनिश’, ‘स्टार्ट’, ‘सबमिट’ चालतात. ‘कॅरी आउट’ औपचारिक आणि दुरुस्ती, पाहणी, संशोधन यांना शोभणारा. ‘मेक’ येतो तो ‘लाइट वर्क’सोबत: ‘शी मेड लाइट वर्क ऑफ इट’ म्हणजे तिने ते चुटकीसरशी उरकलं.

‘वर्क’ क्रियापद झाला की त्याच्यानंतर येणारा शब्द अर्थ ठरवतो. मालक किंवा कंपनी असेल तर ‘फॉर’, ठिकाण असेल तर ‘ॲट’, खातं किंवा क्षेत्र असेल तर ‘इन’, पद असेल तर ‘ॲज’, हाती घेतलेला विषय असेल तर ‘ऑन’. ‘आय वर्क फॉर अ बँक, इन द लोन्स डिपार्टमेंट, ॲज ॲन ऑफिसर’. साहेबांच्या हाताखाली काम करतो हे ‘आय वर्क अंडर’ने सांगता येतं, पण ऑफिसात ‘आय रिपोर्ट टू’ जास्त रुळलेलं आहे. आणि काळ: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे आपल्याकडचं सगळ्यांत पक्कं झालेलं चुकीचं वाक्य. बरोबर रूप ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. वर्षांची संख्या आली की ‘फॉर’, साल आलं की ‘सिन्स’.

मेहनतीबद्दलही दोन शब्द. ‘हार्ड वर्क’ हे नाम तोडून लिहायचं, ‘हार्डवर्किंग’ हे विशेषण जोडून. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कामसू आहे. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळपास काहीच करत नाही. शिफारसपत्रात ही अदलाबदल झाली तर कामसू माणूस कामचुकार ठरतो.

चौथी पायरी : समानार्थी शब्दांतून निवड

शब्दकोशात ‘वर्क’पुढे डझनभर समानार्थी शब्द ओळीने मांडलेले असतात. ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकाला आपला प्रांत आहे.

‘जॉब’ सगळ्यांत जवळचा आणि मोजता येणारा. नोकरी, नेमून दिलेलं एखादं काम आणि जबाबदारी हे त्याचे तीन मुख्य अर्थ. ‘आय ॲम डूइंग जॉब इन पुणे’ असं म्हणू नये. ‘आय वर्क इन पुणे’ किंवा ‘आय हॅव अ जॉब इन पुणे’ म्हणावं.

आपल्या औद्योगिक वसाहतींत या शब्दाचं वेगळंच आयुष्य आहे. भोसरीच्या, सातपूरच्या, वाळूजच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये उभे राहा. लेथच्या चकमध्ये पकडलेला जो लोखंडाचा तुकडा फिरतोय, तोच ‘जॉब’. ‘जॉब नीट धर, सेंटर आउट झालंय’ असं कारागीर शिकाऊ पोराला सांगतो. इंग्रजी पुस्तकात याला ‘वर्कपीस’ म्हणतात. आणि त्या शेडबाहेर ‘जॉबवर्क स्वीकारले जाईल’ अशी पाटी असते. माल गिऱ्हाइकाचा, मशीन आणि हात आपले, असा हा व्यवहार. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्यातही ‘जॉब वर्क’ची व्याख्या आहे: दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालावर केलेली प्रक्रिया. तेव्हा घरी बसून डिझाइनची किंवा भाषांतराची कामं घेणाऱ्याने स्वतःबद्दल ‘आय डू जॉब वर्क’ लिहू नये. त्याच्यासाठी ‘फ्रीलान्स वर्क’ आहे.

‘टास्क’ म्हणजे ठरावीक वेळेत संपवायचं, नेमकं काम. मुळात हा शब्द ‘टॅक्स’चा सख्खा भाऊ, म्हणजे वरून लादलेलं देणं. म्हणून त्यात अजूनही ‘कोणीतरी सोपवलेलं’ अशी छटा आहे. ‘असाइनमेंट’ त्याहून मोठी आणि औपचारिक. ‘प्रोजेक्ट’ अनेक टास्क्सचा मिळून.

‘चोअर’ हे घरातलं रोजचं, टाळता न येणारं काम: भांडी, केर, धुणं. त्यात कंटाळा गृहीत आहे, म्हणून पाहुण्यांसाठी हौसेने केलेल्या पुरणपोळ्यांना ‘चोअर’ म्हणवत नाही. ‘एरंड’ म्हणजे बाहेर जाऊन उरकायचं किरकोळ काम: दळण आणणं, वीजबिल भरणं, पार्सल टाकणं. सुरुवातीच्या यादीतलं ‘बँकेत काम आहे’ हे खरं तर एरंडच: ‘आय हॅव ॲन एरंड टू रन’. मराठी माणसांच्या इंग्रजीत हा शब्द जवळजवळ आढळत नाही, आणि त्याची गरज मात्र रोज पडते. तो आवर्जून वापरायला शिका.

‘लेबर’ म्हणजे अंगमेहनत, आणि मेहनत करणारा वर्गही. ‘लेबर मिळत नाही’ असं आपण मजुरांबद्दल म्हणतो. इंग्रजीतही मजूरवर्ग या अर्थाने ‘लेबर’ येतो, पण एका माणसाला ‘अ लेबर’ म्हणत नाहीत. तो ‘लेबरर’ किंवा ‘वर्कर’. प्रसूतीच्या कळांनाही ‘लेबर’च. स्पेलिंगमध्ये ब्रिटिश ‘यू’ घालतात, अमेरिकन गाळतात. ऑस्ट्रेलियात सामान्य लेखनात ‘यू’ असतो, पण तिथल्या लेबर पक्षाच्या नावात तो नाही.

कष्टाच्या पुढच्या पायऱ्या म्हणजे ‘टॉइल’, ‘ड्रजरी’, ‘ग्राइंड’. ‘टॉइल’ म्हणजे राबणं, बराच काळ, थकून जाईपर्यंत. शेतकऱ्यांवरच्या लेखात शोभतो, ऑफिसच्या अहवालात नाही. ‘ड्रजरी’ म्हणजे ज्यात डोक्याला काही खाद्य नाही अशी हमाली. ‘द डेली ग्राइंड’ म्हणजे आपला रोजचा रामरगाडा. ‘ट्रॅव्हेल’ हा जुना शब्द आता साहित्यात उरलाय, अर्थ हाल आणि कष्ट. प्रवासाचा ‘ट्रॅव्हल’ त्याच्याच पोटातून निघाला, कारण एके काळी प्रवास म्हणजे हालच होते.

नोकरी-व्यवसायाचे शब्द शिकायला पगाराची चिठ्ठी उत्तम. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराची कपात असते: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० रुपये. हा कर ज्या १९७५ च्या कायद्याने लागतो त्याच्या इंग्रजी नावात चार समानार्थी शब्द शेजारी उभे आहेत: ‘प्रोफेशन्स, ट्रेड्स, कॉलिंग्ज अँड एम्प्लॉयमेंट्स’. कायदा करणाऱ्यांनी चारही शब्द घेतले, कारण एकाने भागत नव्हतं.

‘प्रोफेशन’ म्हणजे विशेष शिक्षण आणि बहुधा परवाना लागणारा पेशा: डॉक्टरकी, वकिली, सनदी लेखापालाचं काम. ‘ट्रेड’ म्हणजे हाताच्या कौशल्याचा व्यवसाय, शिवाय व्यापार. आयटीआयला फिटर, टर्नर, वेल्डर यांना ‘ट्रेड’च म्हणतात आणि ते इंग्रजीच्या रीतीला धरून आहे. ‘कॉलिंग’ म्हणजे आतून हाक आल्यासारखं स्वीकारलेलं काम. तोच अर्थ लॅटिन वळणाने ‘व्होकेशन’मध्ये आहे, जरी ‘व्होकेशनल कोर्स’ आज साध्या व्यवसायशिक्षणाला म्हणत असले. ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणजे पगारी नोकरी, कागदोपत्री शब्द. मित्राला कोणी ‘हाउ इज युवर एम्प्लॉयमेंट?’ विचारत नाही. फॉर्मवरचा ‘ऑक्युपेशन’ या सगळ्यांना सामावतो. गृहिणीने तिथे ‘नथिंग’ लिहू नये. ‘होममेकर’ हा रुळलेला, सन्मानाचा शब्द आहे.

‘ड्यूटी’ आणि ‘सर्व्हिस’ हे आपले जुने पाहुणे. एसटीचे कंडक्टर, पोलीस, परिचारिका ‘ड्यूटीवर’ असतात, आणि ‘ऑन ड्यूटी’ बरोबरच आहे. पण ‘माय ड्यूटी इज इन अ बँक’ म्हणजे नोकरी असं होत नाही. ‘ड्यूटी’चा गाभा कर्तव्य. पाळी सांगायची तर ‘शिफ्ट’. जुनी पिढी ‘सर्व्हिसला आहे’ म्हणते. ब्रिटनमध्ये मात्र ‘इन सर्व्हिस’ म्हणजे कोणाच्या तरी घरी नोकर म्हणून राहणं असा अर्थ होता, म्हणून बायोडेटात ‘फादर इज इन सर्व्हिस’ऐवजी वडील काय करतात ते सरळ लिहावं.

‘गिग’ हा वादकांच्या बोलीतून आलेला शब्द, एका रात्रीचा कार्यक्रम. आता डिलिव्हरी आणि टॅक्सी ॲपवर कामं घेणाऱ्यांना ‘गिग वर्कर’ म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याची व्याख्याही झाली आहे.

माणसांसाठीचे शब्द निवडताना जास्त काळजी घ्यावी, कारण तिथे चुकलं तर कोणाचा तरी मान दुखावतो. घरी येणाऱ्या मावशींना ‘सर्व्हंट’ म्हणणं सोडून द्यायला हवं. ‘डोमेस्टिक वर्कर’ म्हणावं. आपल्या राज्याच्या २००८ च्या कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे, मराठीत ‘घरेलू कामगार’. ‘हँड’ म्हणजे कामगार हा जुना वापर: नारायण मेघाजी लोखंडे यांच्या गिरणी कामगार संघटनेचं नाव ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ होतं. आज एका माणसाला असं म्हटलेलं रुचत नाही, पण आयटी कंपन्यांतल्या ‘ऑल हँड्स मीटिंग’मध्ये तो टिकून आहे.

जोडशब्द पटकन पाहून घेऊ

आपल्याकडे सुतारकाम, भरतकाम, नक्षीकाम, गवंडीकाम तसं इंग्रजीत ‘वुडवर्क’, ‘नीडलवर्क’, ‘पेपरवर्क’, ‘टीमवर्क’, ‘फील्डवर्क’. हे सगळे ‘वर्क’सारखेच न मोजता येणारे. ‘होमवर्क’ म्हणजे गृहपाठ, ‘हाउसवर्क’ म्हणजे घरकाम, आणि ‘होमवर्क्स’ हा शब्दच नाही. ‘नेटवर्क’ आणि ‘फ्रेमवर्क’ मात्र मोजता येतात. ‘रॉट आयर्न’चं गेट आपण पाहतो, त्यातला ‘रॉट’ हे ‘वर्क’चंच जुनं भूतकाळी रूप: घडवलेलं लोखंड. ‘रॉड आयर्न’ म्हणू नये. नाटककाराला ‘प्लेराइट’ म्हणतात, त्याच्या शेवटी लिहिण्याचा ‘राइट’ नाही. तिथे डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी आहे, म्हणजे घडवणारा, आणि तोही ‘वर्क’च्याच घराण्यातला.

उलट दिशेने : इंग्रजीतून मराठीत

भाषांतर करणाऱ्यांसाठी दोन ठिकाणं सांगतो. भौतिकशास्त्रात ‘वर्क’ म्हणजे ‘कार्य’, काम नव्हे. बल लावून वस्तू त्या दिशेने सरकली तरच कार्य झालं. एक किलोची पिशवी एक मीटर वर उचलली की सुमारे ९.८ ज्यूल कार्य होतं. तीच डोक्यावर धरून तासभर उभं राहिलं तर घाम फुटेल, पण पिशवीवर झालेलं कार्य शून्य.

दुसरं ‘सोशल वर्कर’. मराठीत आपण समाजसेवक, सामाजिक कार्यकर्ता असं सहज लिहितो. इंग्रजीत हा बहुधा प्रशिक्षण घेतलेला व्यावसायिक असतो, रुग्णालयात, न्यायालयात, बालगृहात पगारावर काम करणारा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली ती अशाच शिक्षणासाठी, तेव्हा तिच्या नावातच ‘ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ होतं. आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याला ‘ॲक्टिव्हिस्ट’ आणि पक्षाच्या कार्यकर्त्याला ‘पार्टी वर्कर’ म्हणावं.

सरावाला काय घ्यायचं?

स्वतःचा बायोडेटा घ्या. ‘वर्क’ हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे खूण करा. ‘डिड वर्क ऑफ अकाउंट्स’ असेल तर नेमकं काय केलं ते आधी मराठीत बोलून पाहा: दर महिन्याचं जीएसटी रिटर्न तयार केलं, पुरवठादारांचा हिशेब जुळवला. मग ‘प्रिपेअर्ड मंथली जीएसटी रिटर्न्स’, ‘रिकन्साइल्ड व्हेंडर अकाउंट्स’ असं लिहा. त्यानंतर गेल्या आठवड्यातले पाठवलेले ईमेल काढा आणि त्यांतले ‘वर्क्स’ शोधा. शेवटी दिवसभरात तुमच्या तोंडी येणारी ‘काम’ची वाक्यं, अगदी ‘सरकारी काम, सहा महिने थांब’सकट, वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येकापुढे ‘वर्क’ न वापरता इंग्रजी वाक्य करून पाहा. जिथे ‘वर्क’शिवाय गाडी अडते तिथे तो खुशाल लिहा, फक्त त्याआधी ‘अ’ लावू नका.